दरडीतले बीळ आणि ढोलीतली मादी

आमच्या घरामागे, विहिरीकडे उतरणाऱ्या पाखाडीच्या डाव्या अंगाला, पुरुषभर उंचीची तांबड्या मातीची एक दरड आहे. वर फणस, खाली सुपारीचे आगर आणि मध्ये ही उघडी माती. मृगाचा पाऊस स्थिरावला की या दरडीत मोठ्या लिंबाएवढे एक गोल भोक दिसू लागते. लहानपणी आम्ही ते उंदराचे किंवा खेकड्याचे बीळ समजत असू. आजी मात्र बजावायची, "त्यात हात घालू नको रे, कुणाचे तरी बिऱ्हाड असेल ते." बिऱ्हाड कुणाचे, हे तिलाही ठाऊक नव्हते. मला ते कळायला वयाची पस्तिशी उलटावी लागली, आणि तेव्हापासून कोणताही पक्षी किंवा प्राणी दिसला की त्याच्या रंगरूपाच्या आधी माझ्या मनात एकच प्रश्न येतो: हा आपली पिल्ले कुठे वाढवतो?

त्या दिवशी सकाळपासून लागलेली सर थोडी ओसरली होती. मी विहिरीवरचा पंप सुरू करायला उतरत होतो, तेवढ्यात गुडघ्याच्या उंचीवरून काहीतरी नारिंगी-निळे, बारीक आणि टोकदार शीळ घालत गेले आणि दरडीसमोरच्या जास्वंदीच्या वाळक्या फांदीवर बसले. मुठीत मावेल एवढा पक्षी. चोच आणि पाय पोवळ्यासारखे लाल, पोट हळदीसारखे पिवळे, डोके नारिंगी आणि त्यावर जांभळी झाक, पाठ निळी-काळी. चोचीत त्याच्या अंगाच्या मानाने फारच लांब अशी एक सापसुरळी आडवी धरलेली होती. त्याने ती फांदीवर डावी-उजवीकडे चार-सहा वेळा आपटली, मग तिचे डोके चोचीच्या टोकाकडे येईल अशी ती फिरवून घेतली आणि सरळ त्या भोकात शिरला. ते फिरवून घेणे कशासाठी, हे मला नंतर उमगले. खंड्या स्वतः खातो तेव्हा भक्ष्याचे डोके आपल्या घशाकडे ठेवतो. पिल्लाला भरवायचे असेल तेव्हा ते बाहेरच्या बाजूला ठेवतो, म्हणजे पिल्लाच्या घशात ते डोक्याकडून सरकते आणि खवले किंवा पाय आडवे येत नाहीत. चोचीतल्या भक्ष्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे एवढे पाहिले, तरी आत पिल्ले आहेत की नाहीत हे बाहेर उभ्या माणसाला समजते.

हा तिबोटी खंड्या. बहुतेक खंड्यांच्या पायाला चार बोटे असतात, याच्या पायाला तीनच, म्हणून हे नाव. चोचीसकट लांबी जेमतेम तेरा सेंटिमीटर आणि वजन पंधरा-वीस ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या दोन नाण्यांच्या आसपास. रायगडचा हा जिल्हापक्षी आहे, आणि कर्नाळ्याच्या अभयारण्यात पावसाळ्यात त्याला पाहायला लांबून लोक येतात. खंड्या म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाण्यात सूर मारणारा पक्षी उभा राहतो. हा मात्र ओढ्याकाठच्या गर्द सावलीत राहून सापसुरळ्या, लहान बेडूक, कोळी, खेकड्यांची पिल्ले असे मिळेल ते उचलतो. उन्हाळ्यात तो आमच्याकडे औषधालाही दिसत नाही. जूनमध्ये पावसाबरोबर येतो, वीण उरकतो आणि ऑक्टोबरपर्यंत निघून जातो. प्रवास रात्रीचा असल्यामुळे जूनच्या सुरुवातीला घरांच्या खिडक्यांच्या काचांवर आपटून गुंगी आलेले खंड्या पक्षी कोकणात दरवर्षी कुठे ना कुठे सापडतात. असा पक्षी सापडला, तर त्याला पाणी पाजण्याच्या किंवा काही भरवण्याच्या भानगडीत पडू नये. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि शांततेत ठेवावे. नुसता मार बसलेला पक्षी बहुधा तास-दोन तासांत सावरतो आणि मग त्याला झाडीजवळ सोडून देता येते. पंख मोडला असेल, तर वन विभागाला कळवावे.

बीळ खणण्याचे काम नर आणि मादी दोघेही करतात. आरंभी मातीवर पाय टेकायला जागाच नसते, त्यामुळे पक्षी समोरून उडत येऊन चोच दरडीवर मारतो आणि परत फिरतो, पुन्हा येतो, पुन्हा मारतो. खोबण तयार झाली की तिच्यात बसून चोचीने माती उकरायची आणि पायांनी मागे लोटायची. असे करत बोगदा कधी कधी मीटरभर आत जातो, आणि त्याच्या शेवटी अंड्यांसाठी एक रुंद खोली असते. खंड्यांचे बोगदे सहसा तोंडापासून आत जाताना किंचित चढते असतात, त्यामुळे पावसाचे पाणी आत शिरत नाही आणि पिल्लांची घाण बाहेरच्या बाजूला वाहून येते. अंडी उबवायला सुमारे अडीच आठवडे लागतात आणि पिल्ले उडायला तयार व्हायला आणखी तीन. माती एवढी भिजलेली हवी की चोच शिरेल, पण एवढी नव्हे की बोगदा ढासळेल. आणि पिल्ले बाहेर येतील तेव्हा बेडूक, सापसुरळ्या व किडे यांची रेलचेल हवी. कोकणातला पाऊस हे सगळे एकाच वेळी पुरवतो. पण पाऊस कितीही पडला, तरी उघड्या मातीची उभी दरड नसेल तर या पक्ष्याला इथे येऊन उपयोग नाही, आणि अशा दरडी आपण फार वेगाने नाहीशा करत आहोत. रस्ता रुंद करताना, घर वाढवताना, पाखाडी सिमेंटची करताना डोंगराची कड कापली जाते आणि तिला चिऱ्याची भिंत घातली जाते. त्या दरडीत कुणी राहत असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. माझ्याही आले नव्हते, आणि त्याविषयी मला पुढे सांगायचेच आहे.

दरडीतून मी ढोलीकडे वळलो तो धनेशामुळे. आमच्याकडची जुनी माणसे मोठ्या धनेशाला सरसकट "गरुड" म्हणतात आणि त्याच्या लहान काळ्या-पांढऱ्या भावंडाला "ककणेर". मोठ्या धनेशाच्या पंखांचा विस्तार दीड मीटरच्या आसपास असतो, आणि तो दिसण्याच्या कितीतरी आधी त्याच्या पंखांचा आवाज ऐकू येतो. संगमेश्वर तालुक्यातल्या एका देवराईत तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा घाटात इंजिनाने धापा टाकाव्यात तसा तो वाटला होता. इतर पक्ष्यांत पंखाखालची बारीक पिसे मोठ्या पिसांच्या मुळांतील फटी झाकून टाकतात; धनेशांत ती पिसे नसतात, आणि त्या फटींतून हवा घुसते म्हणून हा आवाज येतो. मानेचे पहिले दोन मणके एकमेकांना जोडलेले असणे हीदेखील धनेशांचीच खासियत आहे. एवढी मोठी चोच आणि तिच्यावरचे शिंग पेलायचे, म्हणजे मानेला तेवढा आधार हवाच. शिंग मात्र दिसते तसे जड नसते, मोठ्या धनेशात ते आतून बहुतांशी पोकळ असते.

पण धनेशाची खरी नवलाई त्याच्या विणीत आहे. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला मादी एखाद्या उंच, जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि आपली विष्ठा, फळांचा गर व लाकडाचा भुगा यांच्या लिंपणाने ढोलीचे तोंड आतून बंद करत आणते. शेवटी चोचीचे टोक बाहेर येईल एवढी एक उभी फट तेवढी उरते. तिथून पुढे कित्येक आठवडे तिचे सारे जगणे त्या फटीवर अवलंबून असते. मोठ्या धनेशाच्या मादीला अंडी उबवायलाच जवळजवळ चाळीस दिवस लागतात, आणि पिल्लू ढोलीबाहेर पडेपर्यंत एकूण चार महिने लोटतात. आत असतानाच मादीची उडण्याची पिसे एकदम गळतात आणि नवी येतात. म्हणजे त्या काळात ढोली फुटली तरी ती उडून जाऊ शकत नाही. नर वड, उंबर, पिंपळ आणि इतर जंगली फळे गळ्यात साठवून आणतो आणि फटीशी बसून एकेक फळ वर काढून तिच्या चोचीत देतो. एका खेपेत तो डझनांनी फळे काढताना मी पाहिला आहे. दर फळागणिक मान खाली, वर, पुढे, अशी ती क्रिया एवढ्या शिस्तीत चालते की पाहणाऱ्याला मोजण्याचा मोह होतो. नर मेला, तर आतल्या मादीचे आणि पिल्लांचे भवितव्य फार बिकट होते. शिकारीत एक धनेश मारणारा माणूस त्या ऋतूत बहुधा एक संपूर्ण कुटुंब मारत असतो.

त्या देवराईतल्या बेहड्याखाली गुरवांनी मला जमिनीकडे बोट दाखवले होते. "वर काय बघताय, खाली बघा," असे ते म्हणाले. ढोलीच्या बरोबर खाली, टोपलीभर जागेत, पाच-सहा प्रकारची रोपे दाटीने उगवलेली होती. मादी विष्ठा आणि बिया त्या फटीतूनच बाहेर टाकते, त्यामुळे घरट्याखाली उगवलेली रोपे पाहून त्या जोडीने त्या हंगामात काय खाल्ले याचा अंदाज बांधता येतो. त्यात काजऱ्याची दोन रोपे होती. काजऱ्याच्या बिया माणसाला विषारी; धनेश मात्र त्याची फळे गिळून बिया टाकून देतात. मोठ्या बियांची फळे अखंड गिळून त्या बिया दूर नेऊन टाकणारे पक्षी आपल्या रानात मोजकेच आहेत आणि धनेश त्यांतले प्रमुख आहेत. जे झाड आज त्यांना ढोली देते, तसे झाड पुढच्या शतकात कुठे उभे राहील, हे काही अंशी तेच ठरवत असतात.

धनेशाला स्वतःची ढोली कोरता येत नाही. फांदी मोडून, लाकूड कुजून किंवा सुतारपक्ष्याने आरंभ करून दिल्यावर तयार झालेली पोकळी त्याला शोधावी लागते, आणि त्याच्या आकाराची पोकळी फक्त जुन्या, जाड बुंध्यातच असते. रत्नागिरी जिल्ह्यातले बहुतांश रान खासगी मालकीचे आहे. ठराविक वर्षांनी ते जळाऊ लाकडासाठी सरसकट तोडले जाते, पुन्हा फुटते, हिरवेही दिसते, पण त्यात ढोलीचे झाड नसते. देवाच्या भीतीने न तोडलेल्या रायांत ते उरले, म्हणून तिथे धनेश उरले. "पोकळ झालेले झाड, काय कामाचे?" असे म्हणून जेव्हा एखादा बेहडा किंवा सातवीण विकली जाते, तेव्हा माझ्या पोटात कालवते.

धनेश किती जगतो याची कल्पना यावी म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. १८९४ मध्ये कारवारला जन्मलेले मोठ्या धनेशाचे एक पिल्लू मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे आले. विल्यम असे त्याचे नाव ठेवले गेले. सोसायटीच्या कार्यालयात तो १९२० पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे राहिला आणि एक तारेचा तुकडा गिळल्यामुळे मेला. सोसायटीच्या बोधचिन्हावर आजही मोठा धनेश आहे. सव्वीस वर्षे जगू शकणारा पक्षी वर्षाला जेमतेम एखादे पिल्लू वाढवतो, तेव्हा एक ढोली गेल्याचा हिशेब एका वर्षाचा राहत नाही.

ढोली, दरड यांत काहीतरी कोरलेले तरी असते. वेंगुर्ला रॉक्सवरची पाकोळी, म्हणजे गुहेत राहणारा एक लहान पक्षी, मात्र घर स्वतःच्या लाळेतून काढते. निवतीच्या किनाऱ्यासमोर समुद्रात उभ्या असलेल्या या खडकाळ बेटांवर दीपगृह आहे, त्यांच्या माथ्यावर सुरय या समुद्रपक्ष्यांच्या वसाहती असतात आणि एका बेटाच्या पोटातल्या काळोख्या गुहेत भारतीय पाकोळ्या पिढ्यान्‌पिढ्या घरटी करतात. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी इथल्या सुरयांविषयी आणि पाकोळ्यांविषयी १९४२ मध्ये लिहून ठेवले आहे. विणीच्या काळात पाकोळीच्या लाळग्रंथी फुगतात. चिकट लाळेचे धागे ती खडकावर डावी-उजवीकडे फिरवत चिकटवते, हवेने ते कडक होतात, त्यांत पिसे आणि गवताच्या काड्या मिसळतात, आणि अर्ध्या वाटीसारखे घरटे खडकाला लागते. त्यात दोन पांढरी अंडी. पाकोळीच्या पायांची ठेवण अशी, की तिला फांदीवर किंवा तारेवर बसता येत नाही. उभ्या खडकाला लोंबकळता तेवढे येते.

काळोखात तिला वाट सापडते ती आवाजावरून. गुहेत शिरताच पाकोळ्या टक्‌-टक्‌ असा आवाज काढू लागतात आणि खडकावरून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून अंतर ओळखतात. वटवाघळांचे असे आवाज बहुधा आपल्याला ऐकू येत नाहीत, ते आपल्या श्रवणशक्तीच्या पलीकडचे असतात. पाकोळीचे मात्र स्वच्छ ऐकू येतात. या आवाजावर तिला बारीक किडा टिपता येत नाही. किडे ती बाहेरच्या उजेडात डोळ्यांनी पाहून पकडते. आवाजाचा उपयोग भिंत टाळण्यासाठी आणि मुक्कामी पोहोचण्यासाठी. पक्ष्यांत ही विद्या साधलेल्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्याच नसल्या, तरी फार थोड्या आहेत, आणि त्यांतली एक आपल्या सिंधुदुर्गात आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. याच घरट्यांना परदेशात सारासाठी मोठी किंमत येते, म्हणून इथूनही ती चोरून नेली जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तो प्रकार उघडकीला आणून संरक्षणासाठी खटपट केली. घरटे खरवडून नेले की पाकोळीला पुन्हा सगळी लाळ गाळावी लागते, आणि अंडी किंवा पिल्ले असतील तर ती समुद्रात जातात.

काकणाविषयी, म्हणजे पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाविषयी, थोडक्यातच सांगतो, कारण तो किनाऱ्यावरच्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. पंखांचा विस्तार दोन मीटर, आणि घरटे एकदा जमले की तीच जोडी वर्षानुवर्षे त्यावर नव्या काटक्या रचत जाते. घरट्याखाली समुद्रसर्पांचे सांगाडे आणि माशांची हाडे पडलेली असतात. त्याला हवा असतो तो एक उंच, बळकट आंबा किंवा तसलेच जुने झाड, तेही समुद्राच्या किंवा खाडीच्या नजरेत. तिळारीच्या रानातला बेडूकतोंड्या पक्षी याच्या अगदी उलट टोकाला. त्याचे घरटे तळहातात मावेल एवढे, मऊ पिसांचे आणि बाहेरून दगडफुलाने मढवलेले. त्यात एकच अंडे, आणि दिवसा ते उबवतो नर. वाळक्या फांदीच्या तुकड्यासारखा, डोळे मिटून, चोच आकाशाकडे करून तो एवढा निश्चल बसतो की दोन हातांवरूनही ओळखू येत नाही. त्याच भागात सुपारीच्या खोडांवर उडता सरडा दिसतो. लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेल्या कातडीच्या पंखांनी तो झाडावरून झाडावर तरंगत जातो आणि सहसा जमिनीला पाय लावत नाही. मादीला मात्र अंडी घालण्यासाठी खाली यावेच लागते, आणि तेवढा वेळ ती तोंडाने माती उकरत उघड्यावर असते. आगराच्या बुंध्याशी उकरताना हे लक्षात ठेवावे, एवढेच.

आता खाडीकडे. निवटी हा चिखलातला मासा कोकणात कुणाला सांगायला नको. खाजणातल्या चिखलात हात घालून निवट्या पकडणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या आहेत, आणि निवटीचे कालवण ज्याने खाल्ले आहे त्याला तिची चव वर्णून सांगण्याची गरज नाही. पण हा मासा ओहोटीच्या वेळी पाण्याबाहेर, उघड्या चिखलावर राहतो, याकडे आपण कधी नवलाने पाहिलेलेच नसते. कातडी आणि तोंडाच्या आतले अस्तर ओले असेपर्यंत ती त्यांतून श्वास घेते. डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे; मधूनच ती ते खोबणीत खाली ओढून घेते, कारण खोबणीत साठलेल्या पाण्याने ते ओले होतात. नर निवट्या चिखलातून अंगभर उसळी घेऊन पाठीवरचा पर पंख्यासारखा फुलवतात. ओहोटीला खाडीच्या काठी अर्धा तास गप्प बसून राहा, तुमची चाहूल विसरून ते हा खेळ तुमच्यापासून चार हातांवर सुरू करतात.

चिखलात खोल खणलेल्या बिळातल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. मग माशाची अंडी तिथे जगतात कशी? जपानच्या खाड्यांमधल्या, निवटीच्याच गोतावळ्यातल्या एका जातीवर संशोधकांनी केलेल्या अभ्यासातून याचे उत्तर मिळाले, आणि ते वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या माशाच्या बिळाचा एक फाटा तळाशी जाऊन पुन्हा वर वळतो आणि तिथे बंद टोकाची खोली असते. अंडी तिच्या छताला चिकटवलेली असतात. नर चिखलावर येऊन तोंडात हवा भरून घेतो, बिळात उतरतो आणि ती हवा त्या खोलीत सोडतो. पालथ्या भांड्यात हवा अडकावी तशी ती तिथे साठते. बाहेर भरती येऊन सगळा चिखल पाण्याखाली गेला, तरी अंडी हवेत असतात. पिल्ले बाहेर पडण्याजोगी झाली, की एका रात्रीच्या भरतीला तोच बाप खोलीतली हवा तोंडात भरभरून बाहेर नेतो, पाणी आत चढते आणि पाणी लागताच अंडी फुटतात. तोंडाने वाहून नेलेल्या हवेचे घर! आपल्या निवट्यांची बिळेही अशीच असतील का, या विचाराने त्या खाजणातून चालताना मी आता पाऊल जपून टाकतो.

कासवांविषयी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कोकणात पुष्कळ जागृती झाली आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ मध्ये संवर्धनाचे काम सुरू झाले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, त्यामुळे मूळ माहिती पुन्हा देत नाही. दोनच गोष्टी सांगतो, कारण त्या दोन्ही घराशी निगडित आहेत. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी वाळूत सुरईच्या आकाराचा खड्डा खणून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. पिल्ले नर होणार की मादी, हे पुढे त्या वाळूची ऊब ठरवते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक, थंड राहिली तर नर. अंडी घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडे उलटले, तर गर्भ मरतो. म्हणून आमच्या किनाऱ्यावरचे कासवमित्र पहाटे किनारा चालतात आणि अंडी लवकरात लवकर, वरची बाजू वरच ठेवून, संरक्षित जागेत तसाच सुरईसारखा खड्डा खणून हलवतात. कासवमित्राच्या हातातले अंडे मी एकदा जवळून पाहिले आहे. टेबल टेनिसच्या चेंडूसारखे गोल, पण कवच चामड्यासारखे मऊ, बोटाखाली किंचित दबणारे. तो ते दोन बोटांत असे धरत होता, जसे देवघरातले निरांजन तेवत असताना उचलावे.

दुसरी गोष्ट गुहागरची. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये पराला खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पट्टीवरचा क्रमांक ०३२३३. बंगालच्या उपसागरातून भारताच्या टोकाला वळसा घालून ती इकडे आली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगळी, असे समजण्याचा प्रघात होता. त्याला या एका मादीने धक्का दिला.

आता आमच्या दरडीविषयी. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आजूबाजूच्या गावांत ठिकठिकाणी डोंगर खाली आले, तेव्हा आमच्याही घरी धास्ती बसली. दरड विहिरीच्या बाजूला, घर वर. माती सुटली तर ओटा खचेल, असे सगळ्यांचे म्हणणे पडले, आणि ते खोटे नव्हते. मार्चमध्ये गवंडी आले, माप घेतले, चिरा उतरला. सगळा हिशेब मीच केला होता. त्या हिशेबात खंड्याचे बीळ आले नाही, आणि हे मी कबूल केलेच पाहिजे, कारण तोपर्यंत सात वर्षे मी दर जुलैला तिथे दुर्बीण घेऊन बसत होतो. पाया खणायला सुरुवात झाली, आणि गेल्या वर्षीच्या बोगद्याचे मागचे टोक फावड्याने उघडे पडले. आतली खोली संत्र्याएवढी होती, आणि तिच्या तळाशी खेकड्यांच्या नांग्यांचे बारीक तुकडे व किड्यांचे पंख यांचा एक थर. मी काम थांबवायला सांगितले.

त्या संध्याकाळी ओट्यावर बरीच चर्चा झाली. दादाचे म्हणणे, भिंत हवीच. वहिनी म्हणाली, "भाऊजी, पक्षी दुसरीकडे जाईल, घर कुठे न्यायचे?" तिचे चुकले असे मला आजही वाटत नाही. शेवटी गवंड्यांनीच तोड सुचवली. ओट्याखालचा सगळा भाग भिंतीने बांधायचा आणि फणसाकडचे, जिथून घराला धोका नाही असे, सहा फूट तसेच सोडायचे. वरचे पाणी त्या मातीवर येऊ नये म्हणून माथ्यावर चर काढायचा आणि चराच्या काठाने वाळा लावायचा. तसे केले. खर्चात फारसा फरक पडला नाही. घरामागे भिंत घालणाऱ्या प्रत्येकाला मी आता हा नकाशा काढून देतो. दोघांनी तसे केलेही आहे. फोटो काढण्यासाठी बिळाची जागा विचारणाऱ्यांना मात्र मी ती सांगत नाही. शेजारच्या गावात एका बिळासमोरची झुडपे फोटोसाठी छाटली गेली आणि दिवसभर समोर माणसे बसून राहिली, तेव्हा ती जोडी अंडी सोडून गेली होती.

पहिल्या पावसाळ्यात आमच्या सहा फुटांत कुणी आले नाही. जास्वंदीची ती फांदीही कामगारांच्या हातून मोडली होती. तिच्या जागी मी एक वाळकी काठी रोवली. दुसऱ्या जूनला शीळ ऐकू आली, पण बीळ झाले नाही. यंदा पाऊस लागल्यानंतर नवव्या दिवशी सकाळी दरडीवर वीतभर अंतराने दोन खोबणी दिसल्या. पहिली बोटभर आत जाऊन दगडाला अडली होती. दुसरी चार दिवसांत एवढी खोल गेली, की आत शिरलेल्या पक्ष्याची शेपटीही दिसेना, फक्त थांबून थांबून पायांनी मागे फेकलेली माती बाहेर उडे. ती माती खाली पाखाडीच्या तिसऱ्या पायरीवर सुपाच्या आकारात साचली आहे. वहिनी रोज सकाळी पाखाडी झाडते. तेवढी एक पायरी ती सोडते.